झाडं आहेत, तरी ओढा तांबडा का?

माती-पाणी : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं डोंगराकडून आली. पोलादपूर, वेल्हे, आंबेगाव, महाड, जावळी. पाऊस तोंडावर आला की खालच्या माणसाला बियाण्याची काळजी लागते आणि वरच्या माणसाला मातीची, तेव्हा नवल काही नाही. माझी मृदसंधारणातली सगळी नोकरी घाटमाथ्याच्या गावांत झाली, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नाव छापू नका असं काहींनी लिहिलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : काका, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावामागच्या डोंगरावर पंधराएक वर्षांपूर्वी सागाची लागवड झाली. झाडं आता चांगली उंच आहेत, श्रावणात डोंगर हिरवागार दिसतो. तरी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्याला पूर्वीसारखंच तांबडं पाणी येतं. आम्ही मुलांना शिकवतो की झाडं माती धरून ठेवतात. मग हे काय?
— एक शिक्षिका, पोलादपूर तालुका

उत्तर : ताई, पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. झाडाची मुळं माती धरतात, पण उतारावरून रोज जी माती जाते ती वरच्या अर्ध्या इंचातली असते, आणि तिला पहिल्यांदा सोडवतो तो पावसाचा थेंब. वळवाचा टपोरा थेंब चार-पाच मिलिमीटरचा. जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर. तो उघड्या मातीवर आपटला की कण दीड-दोन फूट वर उडतात. सपाटीवर ते इकडचे तिकडे पडतात. उतारावर मात्र वरच्या अंगाला उडालेला कण जवळच पडतो आणि खालच्या अंगाला उडालेला लांब जातो. वाहतं पाणी मागून येतं आणि सुटलेला माल उचलून नेतं.

आता सागाकडे या. साग पानगळीचा. थंडी सरताना पानं झडायला लागतात, एप्रिलमध्ये झाड नागडं होतं आणि नवी पालवी नीट भरते ती पाऊस सुरू झाल्यावर. म्हणजे रोहिणी-मृगाच्या सरी कोसळतात तेव्हा तुमच्या डोंगरावरची छत्री उघडलेलीच नसते. खाली पडलेल्या पानांचा थर टिकला असता तरी भागलं असतं, पण तो होळीच्या आगेमागे वणव्यात जातो. बरं, जुलैत पानं भरली म्हणजे सुटलो असंही नाही. सागाचं पान केवढं मोठं! बारीक पावसाचे थेंब त्यावर एकत्र होतात आणि टोकावरून एकच जाड थेंब होऊन खाली येतात. पंचवीस-तीस फुटांवरून पडणारा असा थेंब जमिनीला लागेपर्यंत जवळजवळ पूर्ण वेग पुन्हा पकडतो. खाली झुडूप नाही, गवत नाही, पाचोळा नाही, अशी स्थिती असेल तर उंच सागाखाली उघड्या माळापेक्षाही जास्त माती उडू शकते. ही माझी कल्पना नव्हे, सागवनांत हे मोजून पाहिलेलं आहे.

जूनच्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर मुलांना त्या सागाखाली घेऊन जा. वर बघू नका, उकिडवं बसून खाली बघा. बारीक खडे दिसतील आणि एकेका खड्याखाली मातीचा छोटासा खांब उभा असेल. खड्याने झाकली तेवढी माती राहिली, बाजूची गेली. खांबाची उंची पट्टीने मोजा, तेवढा थर त्या पावसांत उतरून गेला. मग बुंध्याकडे बघा. वरच्या अंगाला माती साचून आली आहे आणि खालच्या अंगाला मुळं उघडी पडली आहेत असं दिसलं, तर ती लागवडीपासूनची सगळी नोंद आहे. त्यानंतर जवळच्या देवराईत न्या. तिथे पाचोळा दूर केला की खाली काळी, भुसभुशीत माती लागते, गांडुळांनी वर टाकलेल्या गोळ्या असतात, बुरशीचे पांढरे धागे असतात. तिथे एक कळशी पाणी ओता, जिरून जाईल. तीच कळशी सागाखाली ओता आणि पाणी कुठवर पळतं ते मुलांना पावलांनी मोजू द्या.

पुस्तकी हिशेब हवा असेल तर तोही सांगतो. विश्मायर आणि स्मिथ या दोघांनी अमेरिकेतल्या शेतांवरच्या नोंदी गोळा करून धुपीचं एक समीकरण बसवलं. आपल्याकडेही तेच वापरतात. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, जमिनीवरचं झाकण आणि बांधबंदिस्ती, असे आकडे त्यात एकमेकांना गुणायचे. यातला झाकणाचा आकडा सगळ्यात जास्त हलतो. नांगरून उघडं टाकलेलं रान १ धरलं तर पाचोळा शाबूत असलेल्या दाट जंगलाला ०.००१ च्या आसपास येतो, कधी त्याहून कमी. मात्र हे समीकरण मूळचं हलक्या उताराच्या शेतांचं. ते सह्याद्रीच्या कड्याला लावून कुणी तुम्हाला टनांचा दशांशापर्यंत आकडा सांगत असेल, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

साग तोडायचा नाही. डोंगर पेटू द्यायचा नाही, आणि पाचोळा गोळा करून न्यायचा नाही. एवढं दोन-तीन वर्षं सांभाळलंत तरी करवंद, दिंडा, गवत आपोआप खाली शिरतं. कारवीचं रान जवळ असेल तर तीही उतरते. कारवीसारखं उतार झाकणारं झुडूप सह्याद्रीत दुसरं नाही असं माझं मत आहे. आठ वर्षांनी ती फुलते आणि सगळी एकदम मरते, तेव्हा लोक म्हणतात, आता वाळलीच आहे, कुडाला तोडून आणू. मेलेल्या काटक्यांखालीच पुढच्या पावसात तिचं बी रुजतं. ते एक वर्ष तरी तिला हात लावू नये.

प्रश्न : आमच्याकडे होळीनंतर डोंगर पेटवायची चाल आहे. जाळल्याशिवाय गवत चांगलं येत नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात. खरं आहे का?
— एक तरुण शेतकरी, वेल्हे भाग

उत्तर : जाळलेल्या डोंगरावर पोपटी कोंब लवकर दिसतात, हे खरं. आड येणारं वाळकं गवत नसतं म्हणून ते दिसतात, एवढंच. वर्षानुवर्षं जाळत गेलं की मारवेल, पवना ही गुरांची गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीला जून-जुलैत जनावर तोंड लावतं, नंतर ती फक्त धोतराला चिकटते. राखेचं खत होतं म्हणावं तर ती पहिल्या वळवातच ओढ्याला लागते. वरून सगळ्यात वाईट म्हणजे वेळ. मार्चमध्ये जाळलं की मे-जूनच्या टपोऱ्या पावसाला जमीन अगदी काळी-उघडी मिळते.

गवत दिवाळीनंतर कापून आणा, पण मुळासकट खरवडू नका, चार बोटं ठोंब राहू द्या. आणि जानेवारीतच वाडीतल्या पोरांना घेऊन डोंगराच्या कडेने जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा. पेटवणारा बाहेरचाच असतो असं प्रत्येक गावात सांगतात. मी ते पुष्कळ गावांत ऐकलं आहे.

प्रश्न : साहेब, आम्ही महादेव कोळी. वडील आणि आजोबा उतारावर नाचणी-वरी करत आले. आता गावात येणारे शिकलेले लोक म्हणतात, तुमच्या या शेतीनेच डोंगर धुपला. वडिलांना ते पटत नाही. ते म्हणतात, आमच्या बापाच्या वेळेला तर सगळेच करायचे, तेव्हा डोंगर शाबूत होता. खरं कोणाचं?
— आंबेगाव तालुक्यातून एक वाचक

उत्तर : वडिलांचं खरं आहे, आणि त्या शिकलेल्या लोकांचंही थोडं खरं आहे. दोघं दोन वेगळ्या शेतींबद्दल बोलतायत.

आजोबांची वरकस शेती आठवून बघा, किंवा वडिलांना विचारा. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळा किंवा तीळ, आणि मग तो तुकडा सोडून द्यायचा. अनेक वर्षं तिथे कुदळ लागायची नाही. करवंद, कारवी, गवत पुन्हा भरायचं, मातीत कस यायचा, तेव्हा कुठे परत पाळी. डोंगरावर एका वेळी असे थोडेच तुकडे उघडे असत आणि प्रत्येकाच्या खाली झाडोरा. वरच्या तुकड्यातून सुटलेली माती त्या झाडोऱ्यात अडकून राही. डोंगरातल्या डोंगरात माती सरकायची, नदीला कमी लागायची.

मग जमिनीच्या वाटण्या झाल्या, जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. तुमच्या भागात तर डिंभे धरणात घोडनदीच्या काठची भाताची चांगली खाचरं बुडाली आणि बरीच माणसं वरच्या उताराला सरकली. माणसं तेवढीच किंवा जास्त, जागा कमी. पडीक ठेवायची वर्षं आखडत गेली, काही ठिकाणी दरसाल तोच उतार खणतात. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी उतरवून झाडांचे नुसते सोट उरले. पद्धत आजोबांचीच, पण तिला विसावा देणारी पडीक वर्षं गेली. यात दोष नाचणीचा नाही आणि तुमच्या वडिलांचा तर मुळीच नाही.

पण पिकाचं वेळापत्रक जरा बघा. जूनमध्ये उतार खणला, जुलैत रोप लावलं. नाचणीचं पान रानावर पसरून माती झाकायला ऑगस्टचा मध्य उजाडतो. तोवर घाटातला अर्ध्याहून जास्त पाऊस पडून गेलेला असतो. कारळा किंवा वरीचंही थोड्याफार फरकाने तेच. तेव्हा मला विचाराल तर पीक बदलायचं नाही, जूनमधली उघडी जमीन कमी करायची.

त्याला पैसे लागत नाहीत. सगळा उतार सलग खणू नका. दर दहा-बारा पावलांवर तीन फुटांचा गवताचा पट्टा जसाच्या तसा सोडा, तो उताराला बरोबर आडवा हवा. डोळ्याने हे जमत नाही, डोंगरात नजर फसवते. सहा-सात फुटांचे दोन बांबू घ्या, वर एकत्र बांधा, पाय फाकवून मध्ये आडवी काठी बांधा आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लोंबता सोडा. कुठेही दोन पाय टेकवा, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे कोळशाने खूण करा. आता पायांची अदलाबदल करा, म्हणजे उजवा पाय डाव्याच्या जागी आणि डावा उजव्याच्या जागी, आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा, ती समपातळीची. मग एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी त्या मधल्या खुणेवर आणायची, तिथे खुंटी ठोकायची, आणि पुढे सरकायचं. दोन माणसं सकाळभरात एका रानाच्या रेषा पाडतात. मी पाहिलेल्या बाया हे काम इंजिनिअरच्या दुर्बिणीपेक्षा भरभर करायच्या, आणि चुकायच्या कमी.

या रेषांमुळे लांबचा उतार तुटतो. वर सांगितलेल्या समीकरणात धूप उताराच्या लांबीच्या वर्गमुळासारखी वाढते. तेव्हा सलग उताराचे चार तुकडे केले, तर हेक्टरी धूप साधारण निम्म्यावर येते. पट्ट्यात अडकणारी माती वेगळीच. रानातले सुटे दगड याच रेषांवर आणून टाका. पाच-सात वर्षांत पट्ट्यामागे आपोआप पायरी धरते.

रोपांसाठी राब भाजायच्या ऐवजी गादीवाफ्यावर चांगलं कुजलेलं शेणखत घालून रोप केलं तर झाडांच्या फांद्या वाचतात. तण थोडं जास्त येतं, खुरपणीला एक माणूस जास्त लागतो. ते लपवत नाही.

आणि तुमच्याकडे पडकई आहेच. हंगाम संपला की वाडीतली माणसं पाळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात, तिथलेच दगड उकरून ताल, म्हणजे दगडी बांध, रचतात, मागे माती भरतात आणि हळूहळू उताराचं खाचर होतं. माळीण गाव दरडीखाली गेलं, त्या दुर्घटनेनंतर पडकईचं नाव खराब झालं. यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे काही अभ्यासकांनी बोट दाखवलं, काहींनी तिथली जमिनीची घडण आणि तो पाऊसच मुख्य मानला. माझं म्हणणं एवढंच की हाताने, दर वर्षी थोडी, पाणी कुठून निघेल ते बघत केलेली पडकई आणि मोठ्या यंत्राने एका उन्हाळ्यात कापलेला उतार, यांना एकाच नावाने ओळखू नये. तालाला एका बाजूला हलका उतार देऊन पाणी कातळाच्या नाळीत काढा. तुमच्या पावसात सगळं पाणी अडवायला गेलात तर ताल फुटतो, आणि एक फुटला की खालचे सगळे जातात.

प्रश्न : सर, पुण्यात नोकरी करतो. मुळशीच्या बाजूला उतारावर अर्धा एकर घेतलं आहे. जेसीबीवाला दोन दिवसांत तीन सपाट टप्पे काढून देतो म्हणतो. कडेने वाळा लावला की माती हलणार नाही, असंही म्हणतो. जूनच्या आत उरकून घ्यावं का?
— पुण्याहून

उत्तर : नाही.

एवढं लिहून थांबलो असतो, पण तुमच्या खाली कुणाचं तरी भाताचं खाचर असणार, म्हणून सविस्तर लिहितो. वाळा हे चांगलं गवत आहे, त्याची मुळं सरळ खोल जातात, दाट ओळ झाली तर ती माती गाळून धरते. पण ओळ दाट व्हायला एक-दोन पावसाळे जातात. मेच्या अखेरीला कापलेल्या टप्प्याला जूनमध्ये लावलेले चार ठोंब काहीही धरत नाहीत. टप्पा काढताना जेसीबी काय करतो ते उभं राहून बघा. वरची वीतभर काळी माती आधी खरवडून उताराच्या कडेला ढकलतो, त्यावर मुरूम टाकतो. म्हणजे चांगली माती खाली गाडली जाते, वर मुरूम येतो, आणि कडेला सैल भरावाचा ढीग उभा राहतो, ज्याला ना मूळ आहे ना दाब. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग शेजाऱ्याच्या खाचरात उतरतो. डोंगरातल्या रस्त्यांचंही हेच. रस्त्याची जागा थोडीशी, पण कापलेली भिंत आणि दरीत लोटलेला माल मिळून जेवढा गाळ देतात तेवढा आजूबाजूचं रान देत नाही.

करायचंच असेल तर दिवाळीनंतर करा. तीन टप्पे नकोत, घरापुरता एक, तोही लहान. वरची माती वेगळी काढून ठेवा आणि शेवटी परत वर पसरा. घराच्या वरच्या अंगाने पाणी वळवणारा चर आधी काढा, कापाकापी नंतर. उरलेला उतार तसाच सोडा. तिथे आता जे गवत आणि करवंदीची जाळी आहे, ती तुम्ही पैसे देऊन आणाल त्या लॉनपेक्षा जास्त कामाची आहे.

प्रश्न : आमच्या वाडीत शेळ्यांवरून भांडण आहे. शेळ्यांनीच डोंगर बोडका केला, त्या विका, असं काहींचं म्हणणं. आमचं पोट त्यावर आहे.
— एक महिला वाचक, जावळी तालुका

उत्तर : ताई, शेळी झुडपाचा शेंडा खाते आणि नवं रोप उठू देत नाही, हे खरं. पण नुकसान होतं ते मुख्यतः पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत, जेव्हा कोंब कोवळा आणि माती भिजलेली असते. ओल्या उतारावर खुरांच्या वाटा पडतात, त्याच पुढे ओघळी होतात. शेळ्या विकू नका, डोंगराचे तीन भाग करा. एक भाग जून ते दिवाळी पूर्ण बंद, तिथलं गवत कापून आणायचं, बांधून घालायचं. पुढच्या वर्षी दुसरा भाग. अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा कापून आणायला चारा वाढला आणि गावातलं दूधही वाढलं. तिथला पाऊस तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. तुमच्याकडे गवत त्याहून लवकर येईल. भांडणात मात्र म्हशीवाल्यांनाही बसवा.

प्रश्न : तळिये, इर्शाळवाडी, माळीण अशी नावं ऐकून आमच्या गावात भीती आहे. डोंगरावर झाडं लावली आणि चर खणले तर दरड थांबेल का?
— महाड तालुक्यातून दोन पत्रं

उत्तर : धूप आणि दरड यांची गल्लत होते, आणि ती धोक्याची आहे. धूप वरच्या वरची, रोजची. दरड म्हणजे भिजून जड झालेला मातीचा सगळा थर खालच्या कातळावरून एकदम घसरणं. आपल्या डोंगरात वर कुजलेल्या खडकाची माती आणि खाली अखंड कातळ, मध्ये पाणी साठलं की ती जागा निसरडी होते. झाडांची बहुतेक मुळं वरच्या तीन-चार फुटांत असतात. थर तेवढाच पातळ असेल आणि मुळं कातळाच्या भेगांत शिरली असतील तर झाडं घसरण अडवतात, म्हणून बोडक्या उतारावर लहान घसरणी जास्त होतात. थर जाड असेल तर झाडांसकट सगळं खाली येतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर आलेला उतार बोडका नव्हता, झाडीचा होता. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, त्या दिवशी शेजारच्या महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माळीणला ३० जुलै २०१४ ला दीडशेहून जास्त माणसं गेली. तिन्ही वेळा महिना जुलै. जून आणि अर्धा जुलै पिऊन डोंगर आधीच तुडुंब झालेला असतो, तेव्हा हे होतं.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. झाडं लावा, त्याचा फायदाच आहे, पण झाडं लावली म्हणून गाव सुरक्षित झालं असं कुणी म्हणू नये. आणि गावाच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर पाणी मुरवणारे सलग समतल चर खणू नका. साठ सेंटिमीटर रुंदीचा तो चर दुष्काळी भागातल्या हलक्या-मध्यम उताराचा उपाय. शंभर फुटांत ३३ फुटांहून जास्त चढ असेल, माती जाड असेल आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस असेल, तर तो चर डोंगराला पाणी पाजतो. तिथे पाणी बाहेर काढायचं असतं. गावाच्या वर पाणी वळवणारा दगडी अस्तराचा पाट हवा आणि जुन्या नाळी मोकळ्या हव्यात. योजनेत चर बसतो, पाट बसत नाही, म्हणून चरच काढतात, असं मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे. ग्रामसभेत हा मुद्दा लावून धरा.

उतारावर नवी भेग दिसली, आधीची भेग रुंदावली, नसलेल्या जागी झरा फुटला, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ आला किंवा आटला, झाडं-खांब कलले, घराचं दार अचानक अडकायला लागलं, तर रात्र तिथे काढू नका. पंचनामा, फोन, फोटो हे सगळं खाली येऊन करता येतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. 'भारतात हेक्टरी १६ टन माती दरवर्षी धुपते' असं वाचलं. १६ टन म्हणजे नेमकं किती? आणि आमच्या डोंगरावर किती धुपते ते घरच्या घरी मोजता येईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर माती म्हणजे १० घनमीटर. घनमीटर मातीचं वजन साधारण १.३ टन धर, म्हणजे १३ टन. तेव्हा १६ टन म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर, पोस्टकार्डाच्या चार-पाच जाड्या. डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायला गेलास तर पाच ट्रॉल्या. हा आकडा ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला. देशभरात वर्षाला ५३३ कोटी टन. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते, बाकीची इकडून तिकडे सरकते. लक्षात ठेव, ही सरासरी आहे. देवराई आणि नुकताच कापलेला रस्ता या सरासरीत एकाच रांगेत बसलेत.

मोजायचं तर फूटभर लांबीचे सळईचे तुकडे घे. मे महिन्यात ते उतारात ठोक, चार बोटं वर राहू देत, आणि जमिनीलगत रंगाची रेघ मार. दिवाळीनंतर रेघेखाली किती सळई उघडी पडली ते मोज. एका तुकड्यावर विश्वास ठेवू नकोस. माती ओलीने फुगते, गुरं पाय देतात, म्हणून नाचणीच्या रानात वीस, गवतात वीस, सागाखाली वीस, कारवीत वीस असे ठोक आणि सरासरी काढ. काही ठिकाणी सळई उलट गाडली जाईल, तिथे वरची माती साचली. तेही लिहून ठेव. आणि सळयांची जागा गुराख्यांना सांगून ठेव, नाहीतर भंगारवाल्याकडे जातात.

प्रश्न : आमच्या उतारावर रानमोडी आणि घाणेरी माजली आहे. ती सगळी या उन्हाळ्यात काढून टाकावी का?
— भोर तालुका

उत्तर : आता नको. दोन्ही बाहेरून आलेल्या, गुरं खात नाहीत, रानमोडी उन्हाळ्यात वाळली की वणव्याला तेल घालते, हे सगळं मान्य. पण आज तुमच्या उतारावर झाकण म्हणून तेवढंच आहे. मेमध्ये उपटलीत तर मृगाला सगळा डोंगर उकरलेला सापडेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला, रानमोडीला फुलं यायच्या आधी, माती अजून ओली असताना काढा. सगळी एकदम नाही, उताराला आडव्या पट्ट्यांनी, एक पट्टा सोडून एक. तीव्र चढावर मूळ उपटू नका, बुंध्याशी कापा, आणि फुटवा आला की पुन्हा कापा. कापलेला माल जाळू नका, त्याच पट्ट्यात आडवा रचून त्यावर दगड ठेवा. पुढच्या जूनमध्ये त्या मोकळ्या पट्ट्यात मारवेलचे ठोंब लावा, अधेमधे करवंद आणि निर्गुडीच्या फांद्या खोचा. ते पाय धरून बसले की मग राहिलेले पट्टे काढायला घ्या.